फाल्गुनातला मुळा

मराठी माणूस काला अंबला जातो तो बहुतेक वेळा १४ जानेवारीला, पानिपतच्या लढाईच्या दिवशी. पानिपत शहरापासून आठेक किलोमीटरवरच्या त्या स्मारकापाशी तो हार वाहतो, रक्ताने भिजलेल्या मातीत आंब्याचे झाड काळे पडल्याची कथा ऐकतो आणि दिल्लीकडे परतताना मुरथळच्या एखाद्या ढाब्यावर मुळ्याचा पराठा खातो, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. तो मुळा थंडीचा असतो, कडक आणि रसरशीत. पण त्याच वाटेने एकदा माघ सरताना किंवा फाल्गुनात जावे. धुके उठलेले असते, गहू ओंबीवर येत असतो, मोहरीची फुले गळून शेंगा धरलेल्या असतात. पानिपतच्या भाजीबाजारात तेव्हा मुळ्याची दोन रूपे शेजारी शेजारी मांडलेली दिसतात. एकीकडे लांब, पांढरेशुभ्र, कोवळे मुळे आणि दुसरीकडे हिरव्या, टोकाला निमुळत्या होत गेलेल्या शेंगा. आपण त्यांना डिंगऱ्या म्हणतो, तिकडे मोगरी किंवा सेंगरी म्हणतात.

कूळ एकच, पण या दोघांच्या वयात फार मोठे अंतर आहे. फाल्गुनात कोवळा राहणारा हा पांढरा मुळा उत्तरेच्या मैदानात अगदी अलीकडे आला. त्याला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. वसंत ऋतू त्याआधी शेंगांचा होता. हा बदल कसा घडला याचा माग काढायचा तर आयुर्वेदाच्या संहितांपासून कुल्लूच्या डोंगरातल्या एका संशोधन केंद्रापर्यंत जावे लागते, आणि वाटेत काला अंबचे मैदान लागतेच.

त्या मैदानापासूनच सुरुवात करतो. १७६० च्या १७ ऑक्टोबरला सदाशिवराव भाऊसाहेबांच्या मराठी फौजेने कुंजपुरा घेतले आणि तिथला मोठा धान्यसाठा हाती लागला. पुढच्या आठ-दहा दिवसांत अब्दालीने बागपतला यमुना ओलांडली आणि नोव्हेंबर उजाडता उजाडता दोन्ही फौजा पानिपतला समोरासमोर तळ देऊन बसल्या. तिथून लढाईच्या दिवसापर्यंतचे अडीच महिने म्हणजे उत्तरेतला मुळ्याचा, गाजराचा, मोहरीच्या पाल्याचा ऐन हंगाम. यमुनाकाठची जमीन पोयट्याची, भुसभुशीत. कंद खोल उतरावा अशीच. पानिपतची उपासमार समजून घ्यायची तर ती ओसाड मुलखात झाली नव्हती हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. ती सुपीक जमिनीवर, भर सुगीत झाली. डिसेंबरात मराठ्यांना रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची उरलीसुरली वाट बंद झाली. फौज, बुणगे, यात्रेकरू, बायकामुले आणि हजारो जनावरे एका जागी अडकून पडल्यावर भोवतालच्या शिवारात पाला तरी किती दिवस टिकणार? पौष शुद्ध अष्टमीला, बुधवारी, उपाशी सैन्य खंदकाबाहेर पडले. जे वाचले त्यांतले बरेच जण सूरजमल जाटाच्या मुलखात पोचले आणि तिथे त्यांना अन्न मिळाले, निवारा मिळाला. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई आणि तरुण नाना फडणवीस त्याच वाटेने सुखरूप निघाले. तेव्हा पौष सरून माघ लागत होता.

त्या फौजेतल्या माणसांना मुळा अनोळखी नव्हता. त्याच्या पाचशे वर्षे आधी सोलापूरजवळच्या अरणला सावता माळ्यांनी आपल्या मळ्यातल्या ज्या भाज्यांत विठ्ठल पाहिला त्यांत मुळाही आहे, म्हणजे तेराव्या शतकात तो महाराष्ट्राच्या मळ्यातला नेहमीचा रहिवासी होता. उत्तरेत तर त्याची नोंद आणखी मागे जाते. चरकसंहितेत मुळ्यावर जे सांगितले आहे ते आजही स्वयंपाकघरात लिहून लावावे असे आहे. कोवळा मुळा दोष घालवतो, जून मुळा तिन्ही दोष वाढवतो. तेला-तुपात शिजवला तर वाताला चांगला आणि वाळवला तर कफ-वाताला. एकाच भाजीचे वयावरून आणि शिजवण्यावरून असे चार भाग पाडणारा माणूस मुळा नुसता औषधाच्या पेटीतून ओळखत नव्हता. त्याने तो शेतातून उपटताना पाहिला होता, चुलीवर चढताना पाहिला होता. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात मुळ्याचे दोन प्रकार वेगळे सांगितले आहेत. एक लहान, तिखट. दुसरा नेपाळी, हत्तीच्या सुळ्यासारखा मोठा. उत्तर प्रदेशातल्या जौनपूरचा नेवार मुळा पाहिला की हे वर्णन अतिशयोक्त वाटत नाही.

म्हणजे आकाराने मोठा मुळा आपल्याकडे जुनाच आहे. प्रश्न ऋतूचा होता. आशियातल्या उष्ण मुलखातला मुळा एका वर्षात आपले आयुष्य उरकतो. पाऊस सरताना पेरला की थंडीत कंद भरतो, आणि दिवस मोठा होऊन ऊन तापू लागले की सगळी साठवण वर ओढून दांडा टाकतो. कंद आतून भेंडासारखा पोकळ होतो, सालीला दोरे येतात, चव उग्र होते. धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत माघ महिन्यात मुळा खाणे वर्ज्य सांगितले आहे. त्याची पारमार्थिक कारणे ग्रंथकारांनी दिली आहेतच, पण मला त्या नियमात शेतकऱ्याचा अनुभव ऐकू येतो. माघातला देशी मुळा खाण्याजोगा राहत नाही. शिवाय बी धरायचे तर त्याच महिन्यात चांगली झाडे उभी ठेवावी लागतात. ज्या घरात माघातही मुळे उपटून खाल्ले, त्या घराला पुढच्या भाद्रपदात पेरायला काही उरले नाही.

बी धरण्याची ही रीत फार सुंदर आहे. शेतकरी उपटलेल्या मुळ्यांतून मनासारखे निवडतो: सरळ वाढलेले, न फुटलेले, रंगाने शुद्ध. कंदाचा खालचा भाग कापून टाकतो, वरचा पाला चार बोटे ठेवून छाटतो आणि उरलेला तुकडा पुन्हा जमिनीत लावतो. त्यातून दांडा येतो, पांढरी-जांभळट फुले येतात, मधमाश्या येतात आणि शेंगा लागतात. दरवर्षी अशा हातांनी निवड होत गेली तेव्हा जौनपूरचा मुळा जौनपूरचा झाला. मुळ्यात परपरागण होत असल्यामुळे दोन जाती जवळ लावल्या की त्या मिसळतात. प्रमाणित बियाण्यासाठी म्हणूनच दोन जातींच्या शेतांत एक किलोमीटर अंतर ठेवायला सांगतात. गावोगावचे मुळे वेगळे राहिले ते शेतकऱ्यांच्या लक्षामुळे.

आणि शेंगा? बियाण्यासाठी ठेवलेल्या झाडाला गरजेपेक्षा खूपच अधिक शेंगा येतात. त्या कोवळ्या असताना तोडून भाजी करणे कोणाला सुचले ते कोण सांगणार, पण दक्षिण आशियात लोकांनी ही गोष्ट इतकी मनावर घेतली की केवळ शेंगांसाठीची मुळ्याची वेगळी जातच घडवली. तिचा कंद भरतच नाही. सगळा जीव शेंगेत जातो आणि शेंग वीतभर किंवा त्याहूनही लांब होते. लिनिअसने शेपटीसारख्या शेंगांवरून तिला वेगळे शास्त्रीय नाव दिले होते. गुजरातेत तिचा जांभळा प्रकार कापून दह्यात घालतात. पंजाब-हरयाणात बटाट्याबरोबर परततात. महाराष्ट्रात आपण निराळी जात फारशी लावली नाही, पण दांडा आलेल्या साध्या मुळ्याच्या शेंगा खात आलो. कंदाच्या मुळ्याचा जन्म कुठे झाला यावर वनस्पतिशास्त्रज्ञांचा वाद आहे. तो एकाहून अधिक ठिकाणी माणसाळला असावा असे आता पुष्कळांचे मत आहे. भूमध्य समुद्राकाठी तो फार जुना. हिरोडोटसने लिहून ठेवले आहे की पिरॅमिडच्या मजुरांना मुळा, कांदा आणि लसूण यांवर किती चांदी खर्च झाली याचा लेख त्याने तिथे पाहिला. चीन आणि जपानच्या मुळ्याची परंपरा वेगळी. शेंगांचा मुळा मात्र आपल्या भागाचा, आणि मला तो या सगळ्या कुळातला सर्वांत कल्पक वाटतो. ज्या उन्हाने कंद बिघडवला त्याच उन्हातून इथल्या लोकांनी भाजी काढली.

आता त्या दुसऱ्या, पांढऱ्या पाहुण्याकडे वळू.

युरोपातला थंड हवेचा मुळा उत्तरेच्या मैदानात पेरला तर कंद छान धरतो. लहान, लालचुटुक, महिन्याभरात तयार. पण बी धरायला त्याला कडाक्याची, लांबलेली थंडी लागते, ती दिल्ली-पानिपतला मिळत नाही. इंग्रजांच्या काळात अशा भाज्यांचे बी बोटीने येई आणि साहेबांच्या बागांपुरते पुरे. दुसऱ्या महायुद्धात ही आयात आटली तेव्हा थंड हवेच्या भाज्यांचे बी देशातच करण्यासाठी क्वेट्टाला काम सुरू झाले. फाळणीत क्वेट्टा पाकिस्तानात गेले. मग हे काम कुल्लूच्या खोऱ्यात, बियास नदीकाठच्या कटराईनला उभे राहिले, आणि १९५० च्या दशकात ते केंद्र भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे आले. ही संस्था १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा इथे निघालेली. १९३४ च्या भूकंपात तिची इमारत उद्ध्वस्त झाली आणि १९३६ मध्ये ती दिल्लीला आली, पण गावाचे नाव तिने सोडले नाही. शेतकऱ्याच्या तोंडी आजही जातीच्या नावाआधी ‘पुसा’ येते ते त्यामुळे.

कटराईनला काळ्या सालीचा मुळा आणि ‘जपानी व्हाइट’ यांचा संकर करून जी जात निघाली ती ‘पुसा हिमानी’. वीत-दीड वीत लांब, पांढरी, मानेपाशी हिरवट, चवीला गोडसर आणि जराशीच झणझणीत. मैदानात ती डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत पेरता येते. ‘पुसा देशी’ आणि ‘पुसा रेश्मी’ शरदात पेरायच्या, ‘जपानी व्हाइट’ ऑक्टोबर ते डिसेंबर, मग हिमानी, आणि उन्हाळ्यासाठी ‘पुसा चेतकी’. ही चेतकी डेन्मार्कहून आलेल्या वाणातून निवडलेली, दीड महिन्यात काढणीला येणारी, उन्हाला न घाबरणारी. महाराष्ट्रात बाराही महिने जो मुळा मिळतो त्यात तिचा मोठा वाटा आहे. या चार-पाच जाती एकामागून एक लावल्या की वर्षाचा एकही महिना मुळ्यावाचून जात नाही. दोन हजार वर्षे थंडीला बांधलेली भाजी एका पिढीच्या कामाने मोकळी झाली. ज्यांनी हे केले त्या संशोधकांची नावे ग्राहकाला माहीत नसतात, जातीचेही नाव माहीत नसते. फाल्गुनात कोवळा मुळा हातात येतो तेव्हा त्यात जपान, कुल्लू आणि पुसा तिघांचा अंश असतो हे कोणीतरी सांगायला हवे असे मला मनापासून वाटते.

या सोयीची एक किंमतही आहे. दांडा येऊ न देणारा मुळा बाजारात आला की दांड्याच्या शेंगा मागे पडतात. शहरात वाढलेल्या पुष्कळ मराठी मुलांनी डिंगरी पाहिलेलीच नसते.

काला अंबच्या भोवती हे मागे पडणे अजून पूर्ण झालेले नाही. करनाल, पानिपत, कैथल, कुरुक्षेत्र या जिल्ह्यांतल्या रोड समाजातले अनेक जण स्वतःला पानिपतावर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात आणि १४ जानेवारीला स्मारकापाशी मोठ्या संख्येने येतात. त्यांच्या आणि आपल्या घरात मुळ्याच्या शेंगांची भाजी होते म्हणून रक्ताचे नाते ठरवू नये; ती भाजी पंजाबपासून गुजरातपर्यंत सगळीकडेच आहे. पण त्यांच्यासोबत जेवायला बसलेल्या मराठी पाहुण्याला ताटातली एक तरी भाजी ओळखीची वाटावी, एवढे मात्र ती नक्की करते. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी याच पानिपतला लोणच्याचे गाव म्हणून ओळख मिळवून दिली. तिथले पचरंगा लोणचे उत्तरेत घरोघर पोचले आहे. एका लढाईच्या नावाने ओळखले जाणारे हे शहर असे वेगवेगळ्या काळात हरून, उखडून आलेल्यांच्या स्वयंपाकाने भरत गेले.

फाल्गुनातला मुळा कसा निवडावा ते सांगतो. पाला ताठ आणि हिरवा हवा. पानाचा देठ मोडून पाहावा. तो आतून पोकळ, कापसासारखा निघाला तर कंदही तसाच असतो. हातात घेतला की आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. आकाराच्या मोहात पडू नये, चरकाचा कोवळ्या मुळ्याचा सल्ला इथे तंतोतंत लागू पडतो.

अख्ख्या मुळ्यात तिखटपणा तयार नसतो. गंधक असलेले एक द्रव्य आणि त्याला फोडणारे विकर हे पेशीत वेगवेगळ्या जागी असतात. सुरी किंवा किसणी लागली की दोन्ही एकत्र येतात आणि झणका उठतो. सालीजवळ तो अधिक असतो. आचेने विकर निकामी होते, म्हणून शिजलेला मुळा गोड लागतो. हे कळले की पुढचे सगळे आपोआप उलगडते. देशी मुळ्याचा पराठा करायचा तर कीस मीठ लावून ठेवावा लागतो, पिळावा लागतो. ते पाणी फेकू नये, त्यातच कणीक मळावी. हिमानीचा कीस मात्र फार पिळू नये. तिचा झणका आधीच मवाळ, तोही गेला तर पराठ्यात नुसता ओलावा राहतो. ओवा, आले, हिरवी मिरची, थोडे आमचूर एवढे पुरे. दिल्लीच्या रस्त्यावर मुगाच्या डाळीचे राम लड्डू मिळतात, त्यांवर हिरव्या चटणीबरोबर मुळ्याचा कीस मुठीने घालतात. तिथे तो कच्चाच हवा, ऐनवेळी किसलेला, म्हणजे तळलेल्या वड्यावर त्याचा झणका उभा राहतो.

आपल्याकडचा मुळ्याचा चटका या वसंतातल्या मुळ्याला फार शोभतो. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून भरड वाटावी, त्यात मुळ्याचा कीस, बारीक चिरलेली मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ आणि चिमूटभर साखर घालावी, वरून हिंग-मोहरीची फोडणी ओतावी. डाळ पाणी शोषून घेते, म्हणून इथे कीस पिळायची गरज नाही. पाला टाकून देणाऱ्यांचे मला खरेच वाईट वाटते. कोवळा पाला बारीक चिरून, लसणीच्या फोडणीवर मुगाच्या भिजवलेल्या डाळीबरोबर परतला तर कंदापेक्षा सरस भाजी होते. कोकणात मुळा आणि सुका जवळा एकत्र शिजवतात, त्या चवीपुढे तर हरयाणातल्या लोण्याचाही विसर पडतो.

शेंगांची भाजी मात्र चार दिवसांच्या अंतराने बिघडते, त्यामुळे घाई करायला हवी. शेंग वाकवली की कट्‍कन मोडली पाहिजे. वाकली पण मोडली नाही तर आत बी टणक झालेले असते आणि दोरा दातात येतो. देठ काढून बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत. तेलात मोहरी, हिंग, हळद, त्यावर भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि मग शेंगा. झाकण ठेवून, पाण्याचा हबका मारत मंद आचेवर शिजू द्याव्यात. शेंगेचा उग्र वास सुरुवातीला घरभर पसरतो, डाळ मऊ होईतो तो जातो. मग तिखट, मीठ, सुपारीएवढा गूळ आणि दाण्याचे कूट. पानिपतकडे याच शेंगा बटाट्याबरोबर, जिऱ्याच्या फोडणीवर, आमचूर घालून करतात आणि गुळाचा खडा घालत नाहीत. दोन्ही करून पाहाव्यात. पुण्या-मुंबईच्या मंडईत डिंगऱ्या दिसल्या नाहीत तर भाजीवाल्या मावशींना आदल्या दिवशी सांगून ठेवावे. माघ-फाल्गुनात त्यांच्या ओळखीच्या कुठल्या ना कुठल्या मळ्यात बियाण्यासाठी ठेवलेला वाफा असतोच, आणि मागणारा आहे असे कळले की त्या शेंगा तोडून आणतात.